टीव्ही केवढा व कोणता घ्यावा?

दिवाळी जवळ आली कीं, अगर वडिलांच्या हातीं बोनस पडला कीं, आमच्या वरच्या वर्गांतील विद्यार्थी एक प्रश्न हटकून विचारतात: घरीं मोठा टीव्ही यावयाचा आहे, तर तो ५५ इंची घ्यावा कीं ६५ इंची? कोणत्या कंपनीचा घ्यावा, हें ते विचारीत नाहींत. तें त्यांचें आधींच ठरलेलें असतें. घरांत पुष्कळ वर्षें राहावयाची ही वस्तु. कित्येक कुटुंबांत तिची किंमत महिन्याच्या पगाराहून अधिक. आणि तिची निवड मात्र दुकानांतील दहा मिनिटांत उरकते. त्या दहा मिनिटांत डोळ्यांस जें दिसतें, तें पुढें घरीं दिसत नाहीं, असा पुष्कळांचा अनुभव आहे. सबब हा विषय फळ्यावरील आंकडेमोडीप्रमाणें येथें मांडण्याचें आम्ही योजिलें आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, टीव्हीचें माप दुकानांत ठरत नसून आपल्या बसण्याच्या खोलींत ठरतें.

प्रथम ५५ इंच म्हणजे काय तें पाहूं. हें माप पडद्याच्या रुंदीचें नव्हे, उंचीचेंही नव्हे. तें कर्णाचें होय. हल्लींच्या बहुतेक सर्व टीव्हींत रुंदीचें उंचीशीं प्रमाण १६ : ९ असतें. १६ चा वर्ग २५६ आणि ९ चा वर्ग ८१, बेरीज ३३७, वर्गमूळ सुमारें १८.३६. म्हणून पायथॅगोरसच्या सिद्धांतानें रुंदी कर्णाच्या शेंकडा ८७ व उंची शेंकडा ४९ येते. ५५ इंची पडद्याची रुंदी ४८ इंच, म्हणजे बरोबर चार फूट, व उंची २७ इंच भरते. ६५ इंचीची रुंदी ५७ इंचांस टेंकते व उंची ३२ इंच होते. दहा इंचांचा फरक तोंडीं लहान वाटतो खरा, परंतु क्षेत्रफळ बाजूच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ६५ इंची पडदा ५५ इंचीच्या १.४ पट व ४३ इंचीच्या सव्वादोन पटींहून अधिक मोठा आहे असें दिसून येईल. जुन्या पेटीसारख्या टीव्हीचें प्रमाण ४ : ३ होतें. त्यामुळें २९ इंची जुनी पेटी काढून ३२ इंची नवा टीव्ही आणणाऱ्या गृहस्थास बातम्या सांगणाराचें तोंड पूर्वींपेक्षां लहान कां दिसूं लागलें, हें कोडें पुष्कळ दिवस उलगडत नसे. पडदा रुंद झाला होता, पण उंचीला किंचित् कमीच झाला होता.

आतां अंतर. चित्रपट पाहतांना पडद्यानें आपल्या डोळ्याशीं सुमारें ३० अंशांचा कोन करावा, हें माप या धंद्यांतील जाणते लोक पुष्कळ वर्षें मानीत आले आहेत. ज्यांस चित्रगृहासारखा भास पाहिजे ते ४० अंशांपर्यंत जातात. ३० अंशांसाठीं बसण्याचें अंतर कर्णाच्या सुमारें १.६ पट, व ४० अंशांसाठीं १.२ पट येतें. म्हणून घरांतील खाटेपासून भिंतीपर्यंतचें अंतर इंचांत मोजून त्यास १.६ नें भागावें. आठ फूट म्हणजे ९६ इंच, भागाकार ६०, तेव्हां त्या खोलींत ५५ इंची पडदा सुखानें शोभेल व ६५ इंचीही चालेल. सहा फुटांच्या चाळींतील खोलींत ४३ इंचींत कमीपणा कांहीं नाहीं. ज्यांस भागाकाराचा कंटाळा असेल त्यांनीं वर्तमानपत्राचे कागद चिकटवून पडद्याएवढा आयत करावा, तो भिंतीवर लावावा व आपल्या नेहमींच्या जागीं बसून हात लांब करावा. लांब केलेल्या हाताची मूठ डोळ्याशीं सुमारें १० अंशांचा कोन करते. कागद तीन मुठींचा भरला तर माप बरोबर आहे. या प्रयोगास एक पैसाही लागत नाहीं, आणि घरांतील वाद निम्मा मिटतो.

यापुढें येतो तो 'हाय डेफिनिशन' या शब्दाचा विचार. चित्र हें प्रकाशाच्या बारीक बिंदूंचें बनलेलें असतें. फुल एच. डी. पडद्यावर आडवे १,९२० व उभे १,०८०, म्हणजे सुमारें २१ लक्ष बिंदु असतात. फोर-के पडद्यावर त्याच्या चौपट, सुमारें ८३ लक्ष. आणि एट-के पडद्यावर ३ कोटींहून अधिक. जितके बिंदु अधिक तितकें चित्र चांगलें, असें विक्रेते सांगतात. पण डोळ्याची शक्ति अमर्याद नाहीं. निकोप दृष्टीस अंशाच्या साठाव्या भागापर्यंतच, म्हणजे एका कलेपर्यंतच, दोन बिंदु वेगळे दिसतात. त्याहून जवळ असलेले बिंदु एकमेकांत मिसळतात. हें माप असें ध्यानांत ठेवावें कीं, साडेतीन मीटरांवरून सुमारें एक मिलिमीटर. ५५ इंची फुल एच. डी. पडद्याचा बिंदु ०.६३ मिलिमीटरांचा असतो, म्हणून सुमारें २.२ मीटरांपलीकडे, म्हणजे सात फुटांपलीकडे, तो निराळा दिसत नाहीं. तेथून मागें बसणारास फोर-केचा लाभ फारसा होत नाहीं. पुढें सरकून बसणारास होतो. त्याच मापाच्या एट-के पडद्याचा पूर्ण लाभ घ्यावयाचा तर अर्ध्या मीटरावर बसावें लागेल! मोठे टीव्ही हल्लीं बहुधा फोर-केच मिळतात, तेव्हां तो घ्यावा. एट-केसाठीं पदरचा अधिक रुपया खर्चूं नये.

आणखी एक गोष्ट पालकांनीं अवश्य समजून घ्यावी. पडदा कितीही बिंदूंचा असला तरी येणारें चित्र किती बिंदूंचें आहे, हें पाहिलें पाहिजे. साध्या वाहिनीचें चित्र ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदूंचें असतें. तें फोर-के पडद्यावर पसरलें म्हणजे एका बिंदूचे बरोबर वीस करावे लागतात. त्यांतील एक खरा. बाकीचे एकोणीस यंत्रानें अनुमानानें भरलेले! चांगलें यंत्र चांगलें अनुमान करतें, वाईट यंत्र वाईट. पण अनुमान तें अनुमानच. ज्या घरीं दिवसभर साध्या वाहिन्यांवरील मालिकाच लागतात, त्या घरीं मोठा पडदा आणल्यानें चित्र सुधारत नाहीं, उलट त्याचे दोषच मोठे होऊन दिसतात. फोर-के चित्रपट आंतरजालावरून पाहावयाचा तर सेकंदास सुमारें १५ मेगाबिटांचा स्थिर वेग लागतो. तो घरीं आहे कीं नाहीं, हें आधीं तपासावें.

आमच्या मतें बिंदूंपेक्षां अधिक महत्त्वाची वस्तु म्हणजे काळा रंग. हें वाचून विद्यार्थ्यांस हंसूं येईल. परंतु चित्राची खोली, चेहऱ्यावरील छाया, रात्रीच्या प्रसंगाचें गांभीर्य हें सर्व काळेपणावर अवलंबून असतें. साध्या टीव्हींत पाठीमागें दिवे लागलेले असतात व पुढें द्रवस्फटिकांच्या लक्षावधि बारीक झडपा असतात. झडप मिटली तरी फटींतून उजेड थोडा येतोच. म्हणून अंधाऱ्या खोलींत रात्रीचा प्रसंग राखेसारखा करडा दिसतो. या झडपांच्या दोन मुख्य जाती आहेत. आय.पी.एस. जातींत पांढरा हा काळ्याच्या सुमारें हजार पट उजळ असतो, व्ही.ए. जातींत तीन हजार पट व त्याहूनही अधिक. परंतु व्ही.ए.चें चित्र बाजूनें पाहणारास फिकें दिसतें. ज्या घरीं मंडळी खोलीभर पसरून जमिनीवर बसतात त्यांनीं आय.पी.एस., आणि समोर दोघेतिघेच बसतात त्यांनीं व्ही.ए. घ्यावा. अधिक पैसे देण्याची ऐपत असेल तर पाठीमागील दिवे ठिकठिकाणीं आपोआप मंद करणारा, ज्यास 'मिनी एलईडी' म्हणतात तो, फारच उपयोगी पडतो. 'ओलेड' जातींत प्रत्येक बिंदु स्वतःच दिवा असतो; काळें पाहिजे तेथें दिवा विझतोच. अंधारांत चित्रपट पाहणारास यासारखें दुसरें नाहीं. मात्र तासन् तास एकाच जागीं स्थिर राहणारें चित्र, जसें वृत्तवाहिनीची पट्टी किंवा खेळांतील गुणफलक, वर्षानुवर्षें चालल्यास त्यावर कायमचा डाग राहूं शकतो. आणि खिडकीसमोरच्या उजेडाच्या खोलींत त्याचा काळेपणा प्रतिबिंबांत बुडून जातो. ज्या घरीं दुपारीं क्रिकेट व रात्रीं सिनेमा, त्या घरीं आम्ही मिनी एलईडीच पसंत करूं.

खोक्यावर 'एच. डी. आर.' असें छापलेलें असतें. त्याचा अर्थ उजेड व अंधार यांची कक्षा वाढविलेलें चित्र तो टीव्ही स्वीकारतो, एवढाच. तें तो दाखवूं शकतो असा नव्हे. अशा चित्रपटांची रचना पुष्कळदां १,००० निट दीप्तीसाठीं केलेली असते, आणि स्वस्त टीव्ही ३०० च्या आसपासच थांबतो. छापील अक्षरांपेक्षां हा आंकडा विचारावा. विक्रेत्यास तो ठाऊक नसेल तर तेंही एक उत्तरच आहे.

चित्रपटप्रेमी पालकांकरितां दोन शब्द. पुष्कळ आधुनिक चित्रपट २.३९ : १ या फार रुंद प्रमाणांत काढलेले असतात. १६ : ९ पडद्यावर त्यांच्या वरखालीं काळ्या पट्ट्या येतात, आणि पडद्याचा जवळजवळ चतुर्थांश रिकामा राहतो. उलट प्रभात कंपनीचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' किंवा आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा 'श्यामची आई' हे चौकोनाकडे झुकणाऱ्या जुन्या प्रमाणांतील; त्यांच्या दोन्ही बाजूंस पट्ट्या येतात. कित्येक घरीं या पट्ट्या 'पैसे फुकट गेले' म्हणून खुपतात, व चित्र ताणून पडदा भरला जातो. मग कृश तुकोबाही आडव्या बांध्याचे दिसूं लागतात. दिग्दर्शकानें जें दाखविलें तें तसेंच पाहावें. पट्ट्या हा दोष नव्हे. दुसरें असें कीं, चित्रपटांत सेकंदास २४ चित्रें असतात. ६० वेळां ताजा होणाऱ्या पडद्यावर २४ चा भाग बरोबर जात नाहीं, म्हणून कांहीं चित्रें दोनदां व कांहीं तीनदां दाखवावीं लागतात आणि कॅमेरा हळू फिरतांना चित्र किंचित् अडखळतें. १२० वेळांच्या पडद्यावर प्रत्येक चित्र पांच वेळां येऊन हिशेब बिनबाकी सुटतो. यंत्रानें मधलीं चित्रें कल्पून घातलीं तर हालचाल गुळगुळीत होते, पण मोठा चित्रपट घरगुती मालिकेसारखा भासूं लागतो. तें कलम बंद करावें. २०१९ साली यूएचडी अलायन्स या संस्थेनें जाहीर केलेला 'फिल्ममेकर मोड' ज्या टीव्हींत असेल, त्यांत हें एका कळीनें होतें.

आतां विद्यार्थ्यांचा लाडका विषय, म्हणजे खेळ. येथें चित्राच्या सौंदर्याइतकेंच महत्त्व वेळेला आहे. बोटानें कळ दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंत जो विलंब लागतो, तो टीव्हीच्या आंतील चित्रसंस्कारामुळें वाढतो. सेकंदास ६० चित्रें असतील तर एका चित्राच्या वांट्यास सुमारें १६.७ सहस्रांश सेकंद येतो. विलंब शंभरावर गेला तर खेळणारा सहा चित्रें मागें पडला. चेंडू निघून गेल्यावर बॅट फिरविण्यासारखेंच तें! प्रत्येक नव्या टीव्हींत 'गेम मोड' नांवाचें कलम बहुधा असतें. तें लावतांच पुष्कळसे संस्कार गळून विलंब झपाट्यानें उतरतो. प्लेस्टेशन ५ व एक्सबॉक्स सिरीज एक्स हीं यंत्रें २०२० साली निघालीं. तीं फोर-के चित्रें सेकंदास १२० पर्यंत देऊं शकतात, पण त्यासाठीं पडदा १२० चा व जोडणीचें छिद्र एच.डी.एम.आय. २.१ जातीचें लागतें. पुष्कळ टीव्हींत चार छिद्रांपैकीं दोनच त्या जातीचीं असतात, हें आधीं पाहावें. ज्याच्या घरीं असें यंत्र नाहीं व नजीकच्या काळांत येण्याचा संभवही नाहीं, त्यानें वडिलांस त्यासाठीं अधिक खर्चांत पाडणें आम्हांस रास्त वाटत नाहीं.

दुकानांत जाल तेव्हां तेथील झगझगीत दिव्यांत उठून दिसावा म्हणून प्रत्येक टीव्ही अतिशय उजळ, निळसर व भडक करून ठेवलेला असतो, आणि त्यावर फुलें, मासे व समुद्र यांचीं चित्रें फिरत असतात. फुलें कोणत्याही टीव्हीवर चांगलींच दिसतात. आपण एका पेन-ड्राइव्हवर माणसाच्या चेहऱ्याचा व रात्रीचा असे दोन प्रसंग घेऊन जावे, 'सिनेमा' हें कलम लावावयास सांगावें, आणि केस व काळा कोट निरनिराळे दिसतात कीं नाहीं तें पाहावें. पांढरा रंग प्रथम पिंवळट वाटेल. निळसरपणास सरावलेल्या डोळ्यांचा तो भ्रम होय. मग दोन पावलें बाजूस सरून पुन्हां पाहावें.

किंमतीविषयीं इतकेंच कीं, ३२ इंचांहून मोठ्या टीव्हींवरील वस्तु व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा २८ वरून १८ झाला. 'बिनव्याजी' हप्त्यांत प्रक्रियाशुल्क किती, तें कागदावर मागून घ्यावें. विजेचा हिशेब सोपा आहे: १०० वॉटांचा टीव्ही रोज चार तास चालला तर महिन्यास १२ युनिटें. आवाज बहुतेक पातळ टीव्हींचा पातळच असतो. निराळ्या ध्वनिपेटीसाठीं थोडे पैसे राखून ठेवावे.

शेवटीं भिंतीवरची उंची. पुष्कळ घरीं टीव्ही देवळीसारखा छताजवळ टांगतात, व मग सर्व कुटुंब मान वर करून बसतें. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा डोळा जमिनीपासून सुमारें ४० इंचांवर असतो, आणि जमिनीवर बसणाराचा त्याहून बराच खालीं. पडद्याचा मध्य त्याच्या आसपास यावा. मिस्त्री भिंतीस भोंक पाडावयास येण्यापूर्वीं घरांतील सर्वांस आपापल्या जागीं बसवून, डोळ्याच्या उंचीवर खडूनें खूण करून ठेवावी.