आधी फ्रेम वाचा, मग खरेदी करा

आकाशाचे फोटो काढण्याचा छंद जडला की वर्ष-दीड वर्षात एक प्रश्न हटकून समोर येतो: पुढचा पैसा कशावर घालायचा? बहुतेक जण उत्तर मोठ्या दुर्बिणीत शोधतात आणि तिथेच फसतात. या छंदात गेलेला पैसा आणि हाती आलेले फोटो यांचा हिशेब मांडल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. पुढची वस्तू कोणती, हे दुकानातल्या मांडणीवरून किंवा दुसऱ्याच्या सुंदर फोटोवरून ठरवू नये. ते आपल्या स्वतःच्या फ्रेममध्ये दिसत असतं, आणि ते नीट वाचलं तर बहुतेकांना आधी दुर्बिणीखालच्या माउंटकडेच बघावं लागतं.

कारण साध्या गणितात आहे. पृथ्वी 23 तास 56 मिनिटांत स्वतःभोवती फिरते, त्यामुळे खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा सेकंदाला सुमारे 15 विकला सरकतो. मृगातला तेजोमेघ याच पट्ट्यात आहे. आता पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, 206 ने गुणा आणि मिलिमीटरमधल्या फोकल लेन्थने भागा. 24 मेगापिक्सेलच्या नेहमीच्या डीएसएलआरचा पिक्सेल साधारण 3.9 मायक्रॉनचा असतो. त्याला 200 मिलिमीटरची लेन्स लावली तर एका पिक्सेलवर 4 विकला आकाश येतं. 1000 मिलिमीटरची दुर्बीण लावली तर जेमतेम 0.8. मध्यम किमतीच्या माउंटमध्ये वर्म गिअर फिरताना तारा काही मिनिटांच्या आवर्तनात वीसेक विकला मागेपुढे डोलणं सर्रास आढळतं. लेन्सवर ही चूक 5 पिक्सेलांची होते आणि एका मिनिटाच्या फ्रेममध्ये तिचा थोडाच भाग उतरतो. दुर्बिणीवर तीच चूक 25 पिक्सेलांची. म्हणजे महागडी दुर्बीण बसवली त्या क्षणी जुना माउंट पाचपट वाईट झाला. शिवाय नळीचं वजन वाढलं आणि वाऱ्याला अडायला मोठं अंग मिळालं, ते वेगळंच. तिचा आवाका हीदेखील अडचण आहे. देवयानी दीर्घिका आकाशात सुमारे 3 अंश पसरलेली आहे, आणि 1000 मिलिमीटरवर त्याच कॅमेऱ्यात लांबीच्या बाजूने सव्वा ते दीड अंशच मावतो. नवोदितांचे लाडके विषय छोट्या नळीतच बसतात.

फ्रेम वाचायची म्हणजे स्टॅक केलेला, रंग खुलवलेला फोटो बाजूला ठेवायचा आणि एकच कच्ची फ्रेम पूर्ण आकारात उघडायची. मध्यापासून कोपऱ्यापर्यंत सगळे तारे एकाच दिशेला तांदळाच्या दाण्यासारखे लांबले असतील तर दोष ट्रॅकिंगचा. ती दिशा पूर्व-पश्चिम असेल तर बहुधा गिअरचा, उत्तर-दक्षिण असेल तर ध्रुवाशी जुळवणी चुकल्याचा. तारे फक्त कोपऱ्यात ताणले असतील तर फ्लॅटनर आणि सेन्सर यांच्यातलं अंतर मोजा. पुष्कळ फ्लॅटनरांना ते 55 मिलिमीटर लागतं आणि एखादी पातळ चकती काम भागवते. तारे गोल पण फुगलेले दिसले तर फोकस तपासा. त्यासाठी बाहतिनोव मास्क पुरतो: ठळक ताऱ्याभोवती तीन रेषा उमटतात आणि मधली रेषा बरोबर मध्यावर आली की फोकस जुळला. ही तपासणी न करता नवा कॅमेरा घेणारा माणूस तोच दोष जास्त स्पष्टपणे टिपत राहतो.

यावर कॅमेऱ्याची बाजू घेणारे म्हणतील की आमच्याकडे रात्रीही उकाडा असतो, थंड केलेला सेन्सर नको का? मुद्दा खरा आहे. तापमान सुमारे 6 अंश सेल्सिअसने वाढलं की सेन्सरमध्ये उष्णतेमुळे निर्माण होणारा विद्युतप्रवाह दुप्पट होतो, आणि एप्रिलच्या रात्री तो फ्रेममध्ये उघड दिसतो. पण मुंबई-पुण्याच्या दिव्यांखाली आकाशाचा स्वतःचा उजेड इतका असतो की त्याच्या नॉइजपुढे हा नॉइज बहुतेक वेळा झाकला जातो. अंधाऱ्या जागी किंवा अरुंद पट्ट्याचे फिल्टर लावून काम करणाऱ्याला कूल्ड कॅमेऱ्याची गरज लवकर भासते. तरीही लांबट तारे थंड सेन्सरवर लांबटच राहतात.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो: सगळं राहू दे, पेट्रोल टाक आणि अंधारात जा. आकाश 2 प्रतींनी काळं झालं की पार्श्वभूमीचा उजेड सुमारे 6.3 पटींनी घटतो. अंधुक विषयांच्या बाबतीत शहरातल्या सहा तासांचं काम तिथे साधारण तासाभरात होतं. इतका फरक कुठलाच नवा सेन्सर पाडणार नाही. ड्युअल-बँड फिल्टर शहरातही हायड्रोजनचा 656.3 आणि ऑक्सिजनचा 500.7 नॅनोमीटरचा उजेड वेगळा काढतो, म्हणून तेजोमेघांना तो उपकारक. दीर्घिकांचा उजेड सगळ्या रंगांत विखुरलेला असतो, तिथे त्याचा फारसा उपयोग नाही. पण अंधाऱ्या माळावर जाऊनही निम्म्या फ्रेम फेकाव्या लागल्या, तर तो प्रवास निम्मा फुकट गेला. अंधाराचं चीज करायला खालचा आधार खात्रीचा लागतोच.

माउंट बदलायचा म्हणजे थेट सगळ्यात महागाचा घ्यायचा, असं मी म्हणत नाही. आधी छोटा गायड स्कोप आणि गायड कॅमेरा घ्यावा. तो गिअरची चूक सेकंदा-सेकंदाला सुधारतो, आणि आपल्याकडे त्याचं आणखी एक काम आहे. पुण्यातून ध्रुवतारा क्षितिजावर जेमतेम साडेअठरा अंश दिसतो. समोर इमारत असली की गेलाच. तोच कॅमेरा लॅपटॉपला जोडून इतर ताऱ्यांच्या नकाशावरून ध्रुवाशी जुळवणी करता येते. एवढ्यानेही तारे गोल झाले नाहीत तर माउंट बदला, आणि छापलेल्या वजनक्षमतेच्या निम्म्या-पाऊण भारापलीकडे त्याला लादू नका.

वेळही सांभाळा. जून ते सप्टेंबर महाराष्ट्रात आकाश जवळपास बंद असतं आणि नेमकी तेव्हाच खरेदीची हुरहुर वाढते. जुलैत घेतलेल्या उपकरणातला दोष आकाश मोकळं झाल्यावर, दसऱ्याच्या आसपास कळतो. तोवर परत करण्याची मुदत उलटून गेलेली असते. ते महिने मागच्या मोसमातल्या कच्च्या फ्रेम एकेक उघडून तारे मोजण्यात घालवा, आणि लेन्स सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर बुरशी धरते.