तपासणीत काही नाही, तरी कंबर का दुखते?

प्रश्न : सोयाबीन सोंगताना कंबरेत चमक भरली. एमआरआयमध्ये काही निघाले नाही, तरी वर्षभर दुखते. हे मनाचे खेळ आहेत का? (एक वाचक, कामरगाव, जि. वाशीम)

उत्तर : मेंदूत वेदनेचे एकच केंद्र नसते. कंबरेतून निघालेला संदेश मज्जारज्जूतून थॅलॅमसमध्ये येतो आणि तिथून अनेक भागांत फुटतो. संवेदी बाह्यक दुखण्याची जागा व तीव्रता ओळखते. त्यातला नकोसेपणा इन्सुला आणि अग्र सिंग्युलेट बाह्यकामुळे जाणवतो. या भागांचा आपसांतला संवाद बदलला, की तीच चमक कमीअधिक दुखते.

मेंदूकडून खाली येणारी वाटही असते. कपाळामागचा भाग मेंदूच्या देठामार्फत मज्जारज्जूतले संदेश दाबतो. त्यासाठी शरीर स्वतःचीच अफूसारखी रसायने वापरते. भीती आणि अपुरी झोप हा लगाम सैल करतात.

शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील आपकारियन यांच्या गटाने नव्या कंबरदुखीच्या रुग्णांवर वर्षभर लक्ष ठेवले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : मध्य अग्रबाह्यक आणि न्यूक्लिअस अॅकम्बन्स या मेंदूतल्या भागांची जोडणी ज्यांच्यात सुरुवातीपासून घट्ट होती, त्यांचे दुखणे टिकण्याची शक्यता जास्त होती.

मणक्याच्या एमआरआयमध्ये हे दिसत नाही. म्हणून वेदना खोटी ठरत नाही. ‘मनाचे खेळ’ हा शेरा अन्यायाचाच. हळूहळू वाढवलेला व्यायाम, झोप आणि वर्तनोपचार यांचा अशा दुखण्यात उपयोग होतो. मात्र पायात अशक्तपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा सोबत ताप असला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.