छोटासा वाटा



असिसीजवळच्या 'सांता मारिया देली आंजेली' महामंदिरात शिरताच आपण पोर्सिउंकुला शोधू लागतो. उंच घुमटाखाली दिसते ते सुमारे चार मीटर रुंद व सात मीटर लांब असे दगडी चॅपेल. 'एवढेसेच?' असे मनात येते. 'पोर्सिउंकुला' याचा अर्थच मुळी 'छोटासा वाटा'!

हे पडके चॅपेल संत फ्रान्सिस यांनी स्वतःच्या हातांनी दुरुस्त केले. १२१२ साली संत क्लेअर यांनी येथेच संन्यस्त जीवन पत्करले. १२२६ साली संत फ्रान्सिस यांनी याच्याच शेजारी देह ठेवला. पुढे यात्रेकरू मावेनात, म्हणून १५६९ पासून चॅपेलभोवती महामंदिर बांधले गेले. १८३२ च्या भूकंपात महामंदिराचा बराच भाग कोसळला. चॅपेल मात्र उभे राहिले.

महामंदिर या चॅपेलसाठी आहे, हा क्रम आपण ध्यानात ठेवू या. सणाला आपण मोठा मंडप घालतो, रोषणाई करतो. ते चांगलेच आहे. पण घरातली सायंकाळची रोझरी बंद पडली असेल, तर आपला घुमट कशावर उभा आहे?

या आठवड्यात घरच्या वेदीपुढे सारे कुटुंब दहा मिनिटे एकत्र बसू या. जागा लहान असली तरी चालेल.