वित्तक्षेत्रातील उमेदवारी : प्रवेश आणि अभ्यास

वाणिज्य शाखेची पदवी हाती आली की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो, ‘आता पुढे काय?’ बँक, विमा, हिशेब तपासणी अशा ठिकाणी नोकरी मागायला गेले की ‘अनुभव आहे का?’ असे विचारतात. आणि नोकरीशिवाय अनुभव आणायचा कोठून, हे कोणी सांगत नाही. ज्यांच्या घरात पूर्वी कोणी या क्षेत्रात काम केले आहे त्यांना वाट ठाऊक असते. ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कोणी इकडे पाऊल टाकत आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ही वाट म्हणजे उमेदवारी. कोणी तिला इंटर्नशिप म्हणतात, कोणी अ‍ॅप्रेंटिसशिप, कोणी आर्टिकलशिप. नावे निराळी, पण अर्थ एकच : प्रत्यक्ष कामाच्या जागी राहून काम शिकणे.

दोन दरवाजे

पहिला दरवाजा बँकेचा. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ सालचा आहे. त्याखाली सार्वजनिक क्षेत्रातील बँका पदवीधरांना प्रशिक्षणासाठी घेतात. उदाहरणार्थ, भारतीय स्टेट बँकेने २०२३ मध्ये ६१६० जागांची जाहिरात दिली होती. वयोमर्यादा २० ते २८ वर्षे, राखीव प्रवर्गांना नियमानुसार सवलत, मुदत एक वर्ष आणि विद्यावेतन दरमहा १५,००० रुपये. एका तासात १०० प्रश्नांची परीक्षा होती. त्यात सामान्य व आर्थिक ज्ञान, इंग्रजी, अंकगणित, आणि तर्कशक्ती व संगणक असे चार भाग होते. शिवाय स्थानिक भाषेची चाचणी होती. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना परीक्षा शुल्क नव्हते. प्रत्येक जाहिरातीच्या अटी वेगळ्या असू शकतात, म्हणून मूळ जाहिरात स्वतः वाचावी. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी : शिकाऊ उमेदवार हा बँकेचा कर्मचारी नसतो, आणि वर्षानंतर कायम नोकरीची हमी नसते.

दुसरा दरवाजा सनदी लेखापालाचा, म्हणजे सी.ए.चा. १ जुलै २०२३ पासून लागू झालेल्या नव्या योजनेत आर्टिकलशिपची मुदत तीनऐवजी दोन वर्षे झाली. मात्र इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप उत्तीर्ण झाल्यावरच ती सुरू करता येते. वाणिज्य पदवीला किमान ५५ टक्के गुण असतील तर फाउंडेशन परीक्षा न देता थेट इंटरमीजिएटला बसण्याची सोय आहे. विद्यावेतनाचा किमान दर संस्था ठरवते; परंतु त्यावर घर चालत नाही, हे आधीच समजून घ्यावे. घरातील कमावत्या माणसासोबत बसून दोन वर्षांच्या खर्चाचा हिशेब कागदावर मांडावा, म्हणजे अर्ध्यावर सोडून देण्याची वेळ येणार नाही.

अर्ज व मुलाखत

अर्ज एका पानाचा असावा. शिक्षण, गुण, टॅली व एक्सेलची खरोखर जेवढी माहिती आहे तेवढीच, आणि येणाऱ्या भाषा. जे येत नाही ते लिहू नये. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो. जमाखर्चाचे मूलभूत नियम, घसारा, ताळेबंद आणि नफातोटा पत्रक यांतील फरक, हे आपल्या शब्दांत सांगता आले पाहिजे.

सी.ए.च्या लहान कार्यालयात स्वतः जाऊन अर्ज देण्यात कमीपणा नाही. तेथे व्हाउचर तपासण्यापासून विवरणपत्र भरण्यापर्यंत सर्व कामे हाताखालून जातात. मोठ्या कार्यालयात मोठ्या कंपन्यांची कामे पाहायला मिळतात, पण एकाच्या वाट्याला कामाचा लहान तुकडा येतो. आपल्याला काय शिकायचे आहे ते पाहून निवड करावी. सप्टेंबरमध्ये टॅक्स ऑडिटची घाई असते. त्या दिवसांत शांतपणे बोलायला कोणाला सवड नसते.

अनामत, नोंदणी किंवा प्रशिक्षण फी म्हणून पैसे मागून ‘बँकेत चिकटवतो’ असे सांगणाऱ्यांपासून दूर राहावे. उमेदवारी विकत मिळत नाही.

कामातून शिकायचे कसे?

पहिले काही महिने फाइली लावणे, झेरॉक्स काढणे, के.वाय.सी.चे कागद तपासणे अशीच कामे मिळतात. येथे पुष्कळांचा हिरमोड होतो. परंतु फाइल लावणारा आणि फाइल वाचणारा यांत फरक आहे. एक उदाहरण पाहू.

एका किराणा दुकानदाराची कर्जाची फाइल हाती आली. वर्षाची अपेक्षित उलाढाल ४० लाख रुपये आणि मंजूर कॅश क्रेडिट ८ लाख. हा ८ लाखांचा आकडा कोठून आला? रिझर्व्ह बँकेने १९९१ मध्ये नेमलेल्या नायक समितीच्या सूत्रानुसार लघुउद्योजकाला उलाढालीच्या २५ टक्के खेळते भांडवल लागते असे धरतात. ४० लाखांचे २५ टक्के म्हणजे १० लाख. त्यातील उलाढालीचे ५ टक्के, म्हणजे २ लाख, दुकानदाराने स्वतः घालायचे. उरलेले २० टक्के, म्हणजे ८ लाख, बँकेने द्यायचे.

पुढचे पान उलटले तर महिनाअखेरचे स्टॉक स्टेटमेंट दिसते. दुकानात माल ९ लाखांचा. त्यात उधारीवर आणलेला, पैसे न दिलेला माल १ लाखाचा. तो वजा जाता उरले ८ लाख. त्यावर २५ टक्के मार्जिन, म्हणजे २ लाख वजा केले की ड्रॉइंग पॉवर होते ६ लाख. मर्यादा ८ लाखांची असली तरी त्या महिन्यात दुकानदाराला ६ लाखांपर्यंतच उचल करता येते. असे का? कारण बँकेचा पैसा ज्या मालावर उभा आहे तो माल तेवढाच आहे.

ही दोन पाने समजली की कर्जव्यवहाराचा पाया समजला. फाइल लावणाऱ्या दोघांपैकी एकाने हा ‘का’ विचारला आणि दुसऱ्याने विचारला नाही, तर वर्षाअखेरीस दोघांची प्रमाणपत्रे सारखीच असतील, पण दोघांची लायकी सारखी नसेल.

म्हणून एक वही ठेवावी. रोज घरी आल्यावर तीन ओळी लिहाव्या : आज काय केले, ते का करतात, आणि काय समजले नाही. न समजलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना सवड पाहून विचारावी. मात्र त्या वहीत ग्राहकाचे नाव, खाते क्रमांक वा शिल्लक कधीही लिहू नये, आणि कागदांचे मोबाइलवर फोटो काढू नयेत. लोकांच्या पैशाची माहिती ही विश्वासाने दिलेली ठेव असते. ज्याच्या तोंडून ती बाहेर पडते त्याला या क्षेत्रात पुन्हा कोणी उभे करीत नाही.

उमेदवारी संपताना

मुदत संपण्यापूर्वी वही पुन्हा वाचावी आणि केलेल्या कामांची यादी तयार करावी. ‘बँकेत एक वर्ष होतो’ असे म्हणण्यापेक्षा ‘स्टॉक स्टेटमेंटवरून ड्रॉइंग पॉवर काढत होतो’ असे सांगितले तर पुढच्या मुलाखतीत वजन पडते. म्युच्युअल फंडाकडे वळायचे असेल तर एन.आय.एस.एम.ची पाच-अ ही परीक्षा द्यावी. ती १०० गुणांची असून उत्तीर्ण होण्यास ५० गुण लागतात.

शेवटी सभासद बंधुभगिनींना एक विनंती. आपल्यापैकी जे बँकेत, विमा कंपनीत वा लेखापालाच्या कार्यालयात आहेत त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ विद्यार्थ्यांचे अर्ज तपासण्यासाठी आणि मुलाखतीच्या सरावासाठी द्यावी. शिफारशीची चिठ्ठी एकाला एकदाच उपयोगी पडते. समजावून दिलेली वाट तो पुढे दहाजणांना दाखवतो. आणि विद्यार्थी मित्रहो, ओळख नाही म्हणून थांबू नका. पहिल्या फाइलीपासून ‘का’ विचारायला लागा. त्या प्रश्नाला कोणाच्या ओळखीची गरज लागत नाही.