खिडकीतून दिसणारा डोंगर

आमच्या बदलापूरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चंदेरी दिसतो. सकाळी कुकर लावताना दिसतो, दुपारी भांडी विसळताना दिसतो. पावसाळ्यात ढगांत अर्धा बुडालेला, उन्हाळ्यात करपलेला. आठ वर्षं रोज पाहिलेला डोंगर परका वाटत नाही, आणि तिथंच आमची फसगत झाली. शेजारणीकडे वाटीभर साखर मागायला जावं, तसे आम्ही त्याच्याकडे गेलो.

ऑक्टोबरातला रविवार होता. मी, नवरा, आठ वर्षांचा मुलगा, जाऊ, तिची पाच वर्षांची चिमुरडी आणि सहासष्ट वर्षांचे सासरे. नवऱ्याच्या ऑफिसातला एकजण म्हणाला होता, "चंदेरी ना? सोपा आहे. दोन तासांत गुहेत." तो पंचविशीचा, सडाफटिंग, दर शनिवारी डोंगरात पडलेला. सोपं म्हणजे कुणाला सोपं, हे विचारायचं आम्हाला सुचलंच नाही. पुऱ्या तळून, डबे भरून निघायला नऊ वाजले. चिंचवली गावातून चालायला लागलो तेव्हा पावणेदहा झाले होते आणि ऊन चटके देत होतं.

पाऊस सरला की इथलं गवत डोक्याएवढं होतं. वाट त्यात बुडून जाते आणि उरतात त्या ढोरवाटा. गुरांना माथ्यावर जायचं नसतं, चरायचं असतं. त्यांच्या मागे गेलं की वाट कारवीत नाहीतर ओढ्यात संपते. दोनदा चुकून पुन्हा मागे आलो, त्यात तास गेला. सहा जणांत पाणी पाच लिटर, त्यातलं निम्मं पहिल्याच चढाला संपलं. पुढे घळ लागली. सुटे धोंडे आणि पायाखालून घसरणारा मुरूम. मुलाचे शाळेचे कॅनव्हासचे बूट, जावेच्या पायात सँडल. सासरे काही बोलत नव्हते, फक्त दर दहा पावलांवर टेकत होते. गुहा तर राहिलीच. तिच्यावरचा सुळका मुळात दोर लावून चढण्याचा आहे, हेही मला नंतर कळलं.

अडीच वाजता परत फिरलो. खरी परीक्षा उतरताना झाली. धाकटीला नवऱ्याने पाठुंगळी घेतलं, मुलगा अर्धी घळ बसूनच उतरला, सासऱ्यांचा गुडघा सुजला. ऑक्टोबराच्या मध्याला आपल्याकडे सव्वासहाच्या आसपास सूर्य मावळतो आणि डोंगराच्या कुशीत अंधार त्याच्याही आधी येतो. मोबाइलला रेंज नव्हती. डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक ठाकरीण भेटली नसती, तर काय झालं असतं ते मी अजून मनात आणत नाही. "पोरांना घेऊन वर कशाला गेले गं बाय? गावात एका सबदानं विचारलं पण नाही," एवढंच म्हणून ती पुढे चालू लागली. आम्ही तिच्या टाचांकडे बघत गावात उतरलो.

तेव्हापासून कुणी विचारलं तर मी आधी वेळेचं बोलते. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली एक हिशोब मांडला. तो आजच्या मापात साधारण असा: दर पाच किलोमीटरला एक तास, वर प्रत्येक 600 मीटर चढाला आणखी एक तास. हा झाला धडधाकट गड्याचा हिशोब, तोही न थांबता. बरोबर मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर मी सरळ दुप्पट धरते. निघायचं उजाडताना, आणि बारा वाजले की असू तिथून मागे फिरायचं, मग माथा हाताच्या अंतरावर का असेना. ही वेळ घरीच ठरवावी. वर गेल्यावर "आता आलंच" म्हणणारा एकजण निघतोच (आमच्यात मीच होते).

पाणी मोठ्यांना माणशी तीन लिटर, शिवाय मीठ-साखर-लिंबू. गावातला माणूस वाटाड्या म्हणून घ्यावा, पैसे आधी ठरवून. कुठल्या वाटेने जातोय, किती वाजेपर्यंत परतू, हे घरी सांगून जावं.

पावसाळ्याचं वेगळं. बदलापूरजवळच्या कोंडेश्वरच्या धबधब्यात माणसं बुडाल्याच्या बातम्या आपल्याला नव्या नाहीत. आपल्या डोक्यावर ऊन असतं, पण वर डोंगरात कोसळत असतं आणि ओढा बघता बघता फुगतो. जुलै 2019 मध्ये उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. जिथे रेल्वे उभी राहते, तिथे ओढा ओलांडण्याची पैज मुलांना घेऊन मारू नये. धबधब्यांवर बंदीचा आदेश असेल तर पोलिसांची नजर चुकवून जाण्यात मर्दुमकी नाही.

डिसेंबरात सासरेच म्हणाले, "पुन्हा जाऊ, पण मला झेपेल तिथं." कर्जत लोकल पकडून नेरळ, तिथून टॅक्सीने दस्तुरी नाका. पुढे माथेरानात मोटारी नाहीत. लाल मातीची, झाडीतली, बरीचशी सपाट वाट. चढाचं काम टॅक्सीने केलेलं, म्हणून पायांना फक्त चालायचं. कुणी दमलंच तर बाजारापासून दस्तुरीजवळच्या अमन लॉजपर्यंत छोटी रेल्वेगाडी आहे. माकडांपासून डबा तेवढा सांभाळायचा. सासरे काठी टेकत पॅनोरमा पॉइंटपर्यंत आले. बारा वाजले होते, पुढचे पॉइंट सोडून दिले.

उत्तरेकडे डोंगरांची रांग पसरली होती आणि तिच्यात चंदेरी, पाठमोरा. मुलाने त्याच्या पलीकडे बोट दाखवून विचारलं, "आई, आपली खिडकी त्या बाजूला ना?"