आप्पांची विहीर आणि आरएमआर

मित्रांनो, माझं मराठी कॉन्व्हेंटचं, चुकलं तर सांभाळून घ्या. पण हा चॅप्टर मला मंगळवेढ्याला विहिरीच्या काठावर कळला, म्हणून मराठीतच लिहितोय.

मे महिन्यात आमच्या आप्पांच्या (थोरले काका) विहिरीचं काम चालू होतं. वर काळी माती, मग मुरूम, खाली काळा कातळ. परीक्षा नुकतीच झालेली, त्यामुळे मी ऐटीत म्हणालो, ‘‘आप्पा, हा गुड रॉक आहे, काही होत नाही.’’ चौथ्या दिवशी एका बाजूचा अख्खा कातळ खाली बसला. माणसं जेवायला वर आली होती म्हणून वाचली. आप्पा एवढंच म्हणाले, ‘‘तुझ्या पुस्तकाला ती तिरकी चीर दिसली न्हाई व्हय?’’

दिसली होती. मी तक्ता चुकीचा वापरला.

बिएनियाव्स्कींची आरएमआर पद्धत 1973 ची. दगडाची ताकद, आरक्यूडी, चिरांमधलं अंतर, चिरांची अवस्था आणि पाणी, यांचे मिळून 100 पैकी मार्क. समजा आमच्या कातळाला 62 मिळाले. 61 ते 80 म्हणजे ‘गुड’. मग चिरांच्या दिशेचे मार्क वजा करायचे, आणि इथेच आपण घाईत पान उलटतो. बोगद्यात दिशा कितीही वाईट असली तरी 12 च्या वर जात नाहीत, म्हणजे उरले 50, ‘फेअर’, पास! उघड्या उताराला मात्र 60 पर्यंत कापतात. बोगद्यात दगड एकमेकांना अडकवून धरतात. विहिरीच्या भिंतीची एक बाजू मोकळी, चीर तिकडेच उतरत असेल तर वरचा तुकडा घसरगुंडीवरून यावा तसा येतो.

किती कापायचे हे नीट बसवलं रोमाना यांनी, 1985 च्या एसएमआरमध्ये. चीर भिंतीला समांतर, म्हणून 1. तिचा कल 40 अंश, म्हणून 0.85, भिंत उभी, म्हणून वजा 60. गुणाकार वजा 51. उरले 11! त्यात सुरुंग वाईट उडवले तर आणखी 8 जातात, राहिले 3. नापास, एटीकेटी पण नाही.

बार्टन यांच्या 1974 च्या क्यू पद्धतीत तर चिरांच्या दिशेला वेगळे मार्कच नाहीत. ती मुळात बोगद्यांची. उतारांसाठी क्यू-स्लोप 2015 मध्ये आली.

हे फक्त विहिरीपुरतं नाही. कोकण रेल्वेचे बोगदे सगळ्यांना माहीत, पण 22 जून 2003 ला वैभववाडीजवळ गाडी घसरली ती कटिंगमधून रुळांवर आलेल्या दगडांमुळे. 51 माणसं गेली.

त्याच एसएमआरमध्ये प्री-स्प्लिटिंग केलं तर 10 मार्क जास्त मिळतात. मी सुरुंगवाल्या मामांना उत्साहाने समजावलं. ते म्हणाले, ‘‘जवळजवळ होल मारायची, दारू कमी भरायची, आन् ती आधी उडवायची, आसंच ना? ठावं हाय. पर होलाचं पैसं जादा पडत्यात, आप्पांना इचार.’’

आप्पांनी दिले.