पायांचं शास्त्र शिकायचंय? आधी एवढं तपासा

बारावीचा निकाल लागला की आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावातले पालक मुलांना घेऊन माझ्याकडे येतात. पोडियाट्री, म्हणजे पायांच्या विकारांचं शास्त्र, शिकायचं असेल तर कुठे जायचं, खर्च किती, पुढे काम मिळतं का, हे त्यांचे प्रश्न. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि माझ्याकडे येणाऱ्यांत मधुमेही पायांचे रुग्ण सर्वांत जास्त. या वाटेवर मला बसलेला फटका दुसऱ्या कुणाला बसू नये, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

वाशीम जिल्ह्यात या कामाची गरज आहे का, असं विचारणाऱ्यांनी तूर कापणीनंतरचं शेत पाहावं. कापलेल्या तुरीचे खुंट जमिनीतून वर आलेले आणि त्यातून अनवाणी किंवा झिजल्या चपलेत चालणारी माणसं. भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचं आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसलं. रक्तातली साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की तळपायाच्या नसा बधिर होतात. मग खुंट रुतला तरी कळत नाही. टाचेच्या भेगांवर गरम बिब्बा लावला तर कातडी जळते, तेही कळत नाही. कुरूप घरीच ब्लेडने कापलं जातं. "दुखतच नाही त कायले दाखवू?" हे वाक्य मी सतत ऐकते. मधुमेहात ज्यांचा पाय कापावा लागतो, त्यांच्यातल्या बहुतेकांची सुरुवात अशाच न दुखणाऱ्या जखमेने झालेली असते.

हे थांबवायला शिकायचं म्हणून पदवीनंतर मी एका मोठ्या शहरातल्या खासगी संस्थेत पोडियाट्रीच्या डिप्लोमाला प्रवेश घेतला. हा अभ्यासक्रम सरकारमान्य आहे, असं तिथे तोंडी सांगितलं गेलं. फी एकरकमी भरून घेतली. वडिलांनी तुरीचे पैसे त्यात घातले. शिकवणं बहुतेक पडद्यावरच्या चित्रांचं. रुग्णाच्या जखमेला हात लावायची वेळ क्वचितच आली. हाती आलेल्या प्रमाणपत्रावर ना विद्यापीठाचं नाव होतं, ना कुठल्या वैधानिक परिषदेचं. मुलाखतींमध्ये कुणी त्याची दखल घेतली नाही. मला नोकरी मिळाली ती फिजिओथेरपीच्या पदवीवर.

अशा अभ्यासक्रमांच्या जाहिराती आजही निघतात आणि त्यांत २०२१ च्या कायद्याचा हवाला असतो. त्या वर्षी संसदेने संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा केला. त्याच्या अनुसूचीत पोडियाट्रिस्टचं नाव आहे, हे खरं. पण व्यवसायाचं नाव कायद्यात असणं वेगळं आणि एखाद्या संस्थेचा अभ्यासक्रम मान्य असणं वेगळं. म्हणून फी भरण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागा: पदवी कोणतं विद्यापीठ देतं, कोणत्या परिषदेत नोंदणी होते, प्रत्यक्ष रुग्णांवरचं प्रशिक्षण कोणत्या रुग्णालयात आणि किती तास, आणि शिकून गेलेले विद्यार्थी आज कुठे काम करतात. उत्तर लेखी मिळालं नाही, तर तिथून उठा.

भारतात आज भरवशाची वाट म्हणजे आधी नोंदणी होणारी मूळ पदवी आणि नंतर पायांचं विशेष शिक्षण. शस्त्रक्रिया करायची असेल तर एमबीबीएस आणि त्यापुढे शल्यचिकित्सा किंवा अस्थिरोग, याला पर्याय नाही. चाल, सांधे, स्नायू यांत रस असेल तर फिजिओथेरपी. महाराष्ट्रात तिचे प्रवेश नीटच्या गुणांवर होतात. हाताने वस्तू घडवायची आवड असेल तर कृत्रिम अवयव आणि आधारसाधनांची पदवी, म्हणजे प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स. मुंबईत हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वास संस्थेत ती शिकवली जाते. या शाखेकडे आपल्या भागातल्या मुलांचं लक्षच जात नाही, याची मला खंत वाटते.

परदेशी जाणाऱ्यांनी तिथल्या व्यवस्थेतले फरक आधी समजून घ्यावेत. इंग्लंडमध्ये पोडियाट्रीची पदवी साधारण तीन वर्षांची असते आणि एचसीपीसी या नियामक संस्थेत नोंद झाल्याशिवाय पोडियाट्रिस्ट म्हणवून घेता येत नाही. अमेरिकेत महाविद्यालयीन शिक्षणानंतर चार वर्षांची डीपीएम ही पोडियाट्रीची पदवी आणि वर तीन वर्षांची रेसिडेन्सी. तिथला पोडियाट्रिस्ट शस्त्रक्रियाही करतो. त्या पदवीने भारतात शस्त्रक्रियेचा अधिकार मिळत नाही. कर्ज काढण्यापूर्वी काम कुठे करायचं ते ठरवा.

पदवी कोणतीही घ्या, हात मात्र पहिल्या वर्षापासून तयार करा. दहा ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे बारीक धाग्याने, तळव्याची संवेदना तपासणं, १२८ हर्ट्झच्या ट्यूनिंग फोर्कने कंप जाणवतो का पाहणं, पावलावरची आणि घोट्यामागची नाडी शोधणं, हे शेकडो पायांवर केल्यानेच येतं. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना आपल्या तालुक्यातून जाते. वारकऱ्यांच्या पायांची सेवा करणाऱ्या डॉक्टरांसोबत तेव्हा उभे राहा. फोड कुठे येतात, चप्पल कुठे घासते, हे तिथे समजतं.

विदर्भाला हे काम परकं नाही. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी आणि वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांना आपलं मानलं. कुष्ठरोगातही पाय बधिर होतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की असा पाय आपोआप झडत नाही. न जाणवणारा दाब आणि इजा त्याचा घात करतात. त्या कामातून पुढे आलेल्या मऊ एमसीआर रबराच्या चपला आज आम्ही मधुमेहींनाही देतो. त्यांची मापं नीट घेणारी माणसं मात्र आपल्या तालुक्यांत फार थोडी आहेत.

म्हणून मुलांनो, या क्षेत्रात जरूर या. जाहिरातीतल्या नावाला भुलून घरचे पैसे घालवू नका. नोंदणी होणारी पदवी घ्या, पायांवर मनापासून काम करा, आणि शिकून झालं की काही वर्षं तरी आपल्या तालुक्यात बसा. इथे वेळेवर पाहिलेली एक जखम एका घराचा कमावता माणूस उभा ठेवते.